एका कॉटचा हिशोब

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी मी एक एक्सेल शीट केली होती: हॉस्टेल की फ्लॅट? साल 2017, पुणे, आम्ही चौघं रूममेट. हॉस्टेलची फी वर्षाला 40,000, एकरकमी, मेस वेगळी. धनकवडीतला टू बीएचके महिना 12,000, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि एका महिन्याचं भाडं ब्रोकरला. चौघांत भागलं की प्रत्येकी 36,000. डिपॉझिट परत मिळणार म्हणून धरलंच नव्हतं (अर्धंच मिळालं, बाकीचं रंगकामात गेलं म्हणे, ते असो). म्हणजे माणशी 4,000 वाचत होते. वर रात्री दहाचं गेट नाही, मेसची डाळ नाही.

टोकन दिलं. मग ब्रोकरचा मेसेज आला, मालक सगळ्यांची आडनावं आणि गावं विचारतायत. पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन : "काका म्हणतात तीनच मुलं ठेवू. चार म्हणजे गर्दी होते." आदल्या दिवशीपर्यंत चार चालत होती. तिघं कोण, हे ब्रोकर बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चौघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी तोच म्हणाला, "तुम्ही जा रे. मला हॉस्टेलच बरं पडतं, लायब्ररी जवळ आहे." आम्ही "अरे, असं काय" म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी म्हटलं नाही.

आता तिघांचा हिशोब. भाड्याचे प्रत्येकी 44,000, ब्रोकरचे 4,000, एकूण 48,000. हॉस्टेलपेक्षा 8,000 जास्त. स्वस्त पडतं म्हणून निघालो होतो, ते कारणच संपलं होतं. तरी गेलो. शीट पुन्हा कुणी उघडली नाही.

त्याने स्वतःहून माघार घेतली, मग आमचं काय चुकलं? बरीच वर्षं मी स्वतःला हेच विचारून सुटका करून घेत होतो. पण तो तसं बोलला नसता तर आम्हाला त्याच्यासमोर बसून ठरवावं लागलं असतं: काकांना कारण विचारायचं, टोकनवर पाणी सोडून दुसरा फ्लॅट शोधायचा की त्याला सोडून जायचं. त्या बसण्यातून त्याने आम्हाला सोडवलं. त्याच्या या भिडेला मी त्याची संमती म्हणत राहिलो. घर काकांचं, मर्जी त्यांची, हेही एक उत्तर होतं. पण काकांनी आम्हाला कुठे बांधून ठेवलं होतं? अजून आठवडाभर उन्हात फिरावं लागलं असतं, एवढंच.

मुळात आपल्याकडे वसतिगृहं वाढली ती याच प्रश्नातून. शिकायला आलेल्या मुलाला शहरात कोण ठेवून घेणार? शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली, कारण सगळ्यांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात सगळे येत नव्हते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एका पंगतीत जेवतील असं बोर्डिंग काढलं. हे भाऊराव स्वतः विद्यार्थी असताना कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमधून बाहेर पडलेले होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला, म्हणून.

आजचं सरकार पैसे देऊन हा प्रश्न सोडवू बघतं. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आली, तेव्हा पुण्या-मुंबईत वर्षाला 60,000 ठरले. त्यातले राहण्याचे 20,000. महिन्याला 1,667 रुपयांत पुण्यात कॉट बेसिसवर काय मिळतं ते सोडा. रक्कम तिप्पट केली तरी आडनाव विचारणाऱ्या फोनला ती काय उत्तर देणार?

हॉस्टेल म्हणजे काही साताऱ्याचं बोर्डिंग नव्हे. आमच्या नोटीस बोर्डावर ॲडमिशनची यादी लागायची, नावापुढे कॅटेगरी छापलेली, आणि ती वाचून टोमणे मारणारे शेजारच्याच खोलीत होते. त्याला ते दोन वर्षं ऐकावे लागले, आणि आम्ही गेल्यावर आणखी दोन वर्षं, एकट्याला. पण यादीतल्या नंबरावर खोली मिळायची आणि रेक्टरला "गर्दी होते" म्हणायची सोय नव्हती. मी त्याच्या खोलीत पडलो तो यादीमुळेच. निवडायला सांगितलं असतं तर मी माझ्या तालुक्यातलाच कुणीतरी शोधला असता. शीटमध्ये हॉस्टेलच्या तोट्यांत मी लिहिलं होतं : "रूममेट निवडता येत नाही."

फ्लॅटवर गेल्यावर लाइट बिलासाठी आम्ही तिघांचा नवा व्हॉट्सॲप ग्रुप केला. चौघांचा जुना ग्रुप कुणी सोडलेला नाही. शीट त्यातच आहे. तिच्यात अजून प्रत्येकी 36,000 च दिसतात.