पंचावन्नावं मिनिट

२४ सप्टेंबर २०१६. लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर आर्सेनलने मध्यंतरापूर्वीच चेल्सीवर तीन गोल चढवले होते. चेल्सीचे नवे प्रशिक्षक अंतोनियो काँते यांनी ५५व्या मिनिटाला सेस्क फाब्रेगासला बाहेर बोलावलं, मार्कोस अलोन्सोला उतरवलं आणि चौघांची बचावफळी तिघांची केली. सामना ३-० असाच गेला. पण पुढच्या आठवड्यात हल सिटीच्या मैदानावर हीच मांडणी पहिल्या मिनिटापासून दिसली आणि तिथून चेल्सीने लीगमधले सलग १३ सामने जिंकले.

तीन बचावपटूंचा खेळ काँतेंना नवा नव्हता. युव्हेंटसला आणि इटलीच्या संघाला त्यांनी तोच शिकवला होता. तरी लंडनला आल्या आल्या त्यांनी तो लादला नाही. आधीच्या मोसमात दहाव्या क्रमांकावर घसरलेल्या या संघाला त्यांनी सवयीच्या चौघांच्या फळीनेच सुरुवात करू दिली. मला या थांबण्याचं मोल बदलाइतकंच वाटतं. हातखंडा डाव तयार असताना, आधी समोरची माणसं पारखून घ्यायला फार धीर लागतो.

पारखलं म्हणून तर व्हिक्टर मोझेस सापडला. लागोपाठ तीन मोसम हा विंगर लिव्हरपूल, स्टोक, वेस्ट हॅम असा उसना दिला जात होता. काँतेंनी उजवी कड सबंध त्याच्या हवाली केली: चढाईत थेट टोकापर्यंत जायचं, चेंडू गेला की जीव तोडून मागे पळत यायचं. सेझार आस्पिलिक्वेटा मूळचा कडेचा बचावपटू, उंचीला बेताचा. त्याला तिघांतल्या उजव्या जागी उभं केलं, आणि लीगच्या ३८ सामन्यांत तो एक मिनिटही बाहेर बसला नाही.

अर्थात एक नाव लिहायचं तर दुसरं खोडावं लागतं. कर्णधार जॉन टेरी दुखापतीतून सावरला तोवर त्याची जागा भरली होती. ब्रानिस्लाव्ह इव्हानोविचने मोसमाच्या मध्यावर क्लब सोडला. फाब्रेगाससारखा पास देणारा खेळाडू कितीतरी सामन्यांत बाकावरून उठून आला. ज्यांनी क्लबला करंडक मिळवून दिले, त्यांना ‘आज तू नाहीस’ म्हणायचं आणि तरी त्यांना आपलंच ठेवायचं, हे प्रशिक्षकाच्या कामातलं सगळ्यात जड ओझं आहे असं मी मानतो. काँतेंनी ते उचललं, याचा पुरावा मोसमाच्या शेवटी मिळाला.

१२ मे २०१७ला वेस्ट ब्रॉमविचमध्ये जिंकलं की विजेतेपद नक्की होतं, पण गोल काही होत नव्हता. काँतेंनी मिशी बात्शुआयीला उतरवलं. मोसमाचा बहुतेक काळ बाकावर काढलेला हा खेळाडू. ८२व्या मिनिटाला आस्पिलिक्वेटाने चेंडू गोलसमोर ढकलला, बात्शुआयीने झेपावून पाय लावला, आणि दोन सामने शिल्लक असतानाच चेल्सी विजेती ठरली.