संख्येचे रूप आणि स्वरूप

इंदूरच्या सराफ्यात आकडा उच्चारला की तो कशाचा, हा प्रश्न पाठोपाठ यावयाचाच: रुपयांचा, सोन्याच्या वजनाचा की व्याजाचा? रोजकीर्दीत नुसत्या आकड्याला जागा नाही, आणि व्यवहारात तेच योग्य होय. परंतु जो आकडा कशाचाच नाही, त्याच्या गुणधर्मांच्या चिंतनात आयुष्य वेचणाऱ्यास काय म्हणावे? रिकामटेकडा, की ज्ञानाचा उपासक?

उदाहरणादाखल एकच संख्या घेऊ: १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितलेल्या अठरा स्थानांपैकी परार्धाच्या लगत खालचे जे ‘मध्य’ स्थान, तेथे हिचा पहिला अंक बसतो. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग आहे. हिच्या अंकांची बेरीज ८१. त्या ८१ ने ती निःशेष भागली जाते, आणि भागाकार येतो तोही १२३४५६७९ चा वर्गच! अशा मनोऱ्यासारख्या वर्गसंख्यांना द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना ते ‘हर्षद’ म्हणत. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीस शाळेत शिक्षक होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. रामानुजनांचे गुण ओळखणारे हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अशाच एका नवलाचा उल्लेख केला. ८७१२ ही २१७८ या आपल्याच उलट रूपाची चौपट आहे. परंतु ही कोड्यांच्या सदरात शोभणारी गंमत, गणित नव्हे, असा त्यांचा अभिप्राय. माणसाला बोटे दहा, म्हणून लेखन दशमान. तेव्हा हा गुण संख्येचा नसून लेखनाचा, असेही कोणी म्हणेल. आणि खरोखरच, दहा वेळा एक लिहून वर्ग केला की हातचा येतो व मनोरा ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

तथापि येथेच थांबू नये. आपणांस आठच बोटे असती व आपण अष्टमान पद्धतीने लिहीत असतो, तर सात एकांचा वर्ग त्या लेखनात १२३४५६७६५४३२१ असाच दिसला असता. मनोऱ्याची उंची बदलते. हातचा येईपर्यंत तो उभा राहावयाचा, हा नियम बदलत नाही. म्हणजे रूप लेखनाचे असले, तरी त्यामागे लेखनाहून व्यापक असे काही आहे, आणि रूपाशी रमल्यावाचून तेथवर पोहोचता येत नाही.

हार्डींची कसोटी गणितातील खोली मोजते, आणि त्या कामी ती रास्त आहे. माणसाच्या साधनेचे मोल मात्र तिने ठरू नये, असे आम्हांस वाटते. या संख्येच्या वर्ग असण्याने कोणाचा लाभ नाही की हानी नाही. तरीही ती पडताळून पाहणारा एक अंकही इकडचा तिकडे करीत नाही. सत्याशी असे निर्लोभ वागण्याची सवय ज्यास जडली, त्याला रिकामटेकडा कसे म्हणावे? रोजकीर्द खरी राहते तीही अखेर याच सवयीच्या बळावर.