षट्फलक: पृष्ठे मोजावीत की कडा?

सहा सपाट पृष्ठांनी बंदिस्त झालेल्या घनाकृतीला षट्फलक म्हणतात. पृष्ठे चौकोनी असावीत, सारखी असावीत, समोरासमोरची समांतर असावीत, अशी कोणतीही अट या व्याख्येत नाही. तरीही षट्फलक म्हटले की डोळ्यांपुढे फासा किंवा वीटच येते.

प्राचीन भारतीय गणितात घनाकृतीला नाव देताना कडा मोजल्या जात. इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त घन या शब्दाचे दोन अर्थ एकत्र सांगितले आहेत: तीन समान संख्यांचा गुणाकार आणि द्वादशाश्री, म्हणजे बारा कडांची आकृती. त्याच ग्रंथात षडश्री हेही नाव येते, पण ते त्रिकोणी सूचीचे आहे. तिला कडा सहा, तर पृष्ठे चारच. नुसता सहाचा आकडा पाहून षडश्रीला घन समजणारा वाचक तिथे हमखास चुकेल. ग्रीकांनी मात्र पृष्ठे मोजली. सहा समान चौरसांनी वेढलेली घनाकृती म्हणजे घन, ही युक्लिडची व्याख्या त्याच्या भूमितीच्या अकराव्या खंडात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटाने हा ग्रंथ अरबीवरून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणला.

विटेच्या आकाराला मराठी पाठ्यपुस्तके इष्टिकाचिती म्हणतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) चितिव्यवहार हे स्वतंत्र प्रकरणच आहे. विटांच्या राशीचे घनफळ काढायचे, त्याला एका विटेच्या घनफळाने भागायचे आणि विटांची संख्या मिळवायची, असा तिथला हिशेब. जबलपूरमध्ये हिंदी माध्यमात शिकणारे मराठी मूल याच आकृतीला घनाभ, म्हणजे घनासारखा, म्हणायला शिकते. दोन्ही शब्द चालतात, पण तर्काच्या दृष्टीने इष्टिकाचिती सरस आहे. लांबी, रुंदी आणि उंची सारखी झाली की इष्टिकाचितीचाच घन होतो. घन हा तिचा खास प्रकार आहे. घनाभ या शब्दात हा क्रम उलटा होतो आणि खास प्रकारच मूळ आकृती ठरतो.

काटकोनांच्या या सवयीला जबलपूरजवळच्या भेडाघाटचा संगमरवर चांगला छेद देतो. संगमरवर कॅल्साइट आणि डोलोमाइट या खनिजांच्या कणांचा बनतो. कॅल्साइटचा स्वच्छ स्फटिक फोडला की तुकड्याला सहाच पृष्ठे येतात, पण ती तिरकी असतात. प्रत्येक पृष्ठाचे कोन सुमारे १०२ आणि ७८ अंशांचे भरतात. असा तुकडा आणखी फोडला तरी तेच कोन पुन्हा मिळतात. या निरीक्षणावरून फ्रान्सच्या हाउई यांनी १७८४ मध्ये स्फटिकांच्या रचनेचा सिद्धांत मांडला. वीट आणि हा तुकडा या दोघांनाही सामावून घेणारे नाव म्हणजे समांतर षट्फलक: सहाही पृष्ठे समांतरभुज चौकोन, आणि समोरासमोरची पृष्ठे समांतर.

पृष्ठे आणि कडा यांचा मेळ ऑयलरने घातला. त्याने १७५० मध्ये गोल्डबाखला पत्रातून कळवलेला नियम असा: बहिर्वक्र घनाकृतीचे शिरोबिंदू आणि पृष्ठे यांच्या बेरजेतून कडा वजा केल्या की नेहमी २ उरतात. घनासाठी ८ + ६ − १२. पंचकोनी सूचीलाही पृष्ठे सहाच असतात. तिच्यासाठी ६ + ६ − १०. दोन त्रिकोणी सूची तळाशी तळ लावून जोडल्या तर पुन्हा सहा पृष्ठे होतात, आणि हिशेब ५ + ६ − ९ असा येतो. पृष्ठांची जुळणी पाहिली तर बहिर्वक्र षट्फलकाचे एकूण सात प्रकार होतात आणि त्यांच्या कडा ९ ते १२ असतात.

त्यांपैकी बारा कडांचे प्रकार दोन आहेत. एक घनाच्या जातीचा, सर्व पृष्ठे चौकोनी असलेला. दुसऱ्यात दोन त्रिकोण, दोन चौकोन आणि दोन पंचकोन येतात. पृष्ठे सहा आणि कडा बारा एवढे सांगूनही घन निश्चित होत नाही. पृष्ठे कोणत्या आकाराची आहेत, हे युक्लिडने सांगितले तसे सांगावेच लागते.