पंगतीतला प्रश्न

तोरण्यावरील मेंगाईच्या छत्राखाली आपला मुलूख नांदतो अशी ज्या गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, त्या वेल्हे परिसरात नोकरीतील बदलीमुळे वा अन्य कारणाने एखादे ख्रिस्ती कुटुंब येऊन राहिले, तर त्या घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची धर्मपरीक्षा उपासनामंदिरात होत नाही. ती शाळेच्या ओसरीवर, जत्रेच्या गर्दीत आणि शेजारच्या अंगणात मांडलेल्या पंगतीत होते. सत्यनारायणाचा शिरा द्रोणातून पुढे येतो, तो देणाऱ्या मावशींच्या मुद्रेवर निर्व्याज माया असते, आणि घेणारीच्या मनात मात्र दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा उभी राहते. रविवारच्या शाळेत ती आज्ञा बिनचूक म्हणून दाखविल्याबद्दल तिला बक्षीसही मिळालेले असते. परंतु हात पुढे करावा की मागे घ्यावा, हे त्या दिवशी कोणी सांगितलेले नसते.

अशा प्रसंगी वडीलधारी मंडळी बहुधा दोहोंपैकी एक निकाल देऊन मोकळी होतात. 'शिवायचेसुद्धा नाही' हा एक, आणि 'खा गं, त्यात काय आहे एवढे' हा दुसरा. पहिल्याच्या मुळाशी भय असते व दुसऱ्याच्या मुळाशी आळस. आणि मुलीने स्वतः विचार करावा अशी सोय दोहोंतही नसते. शास्त्र हा जणू सरकारी हुकूमनामा आहे आणि किशोरवयीन मुलांनी त्याची केवळ तामिली करावयाची आहे, अशी ही समजूत मला शास्त्राच्याच विरुद्ध वाटते; कारण नेमक्या याच प्रश्नावर प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्यापासून दहाव्यापर्यंत तीन अध्याय खर्ची घातले आहेत, आणि एका ओळीत हुकूम सोडणे त्याला अवघड होते असे नाही.

करिंथ हे मूर्तिपूजकांचे गजबजलेले शहर होते. तेथील बाजारात विकले जाणारे मांस पुष्कळदा देवळातील बळीचेच असे. पौल आरंभीच मान्य करतो की मूर्ती ही वस्तुतः काहीच नव्हे, आणि लागलीच बजावतो की हे ज्ञान माणसाला फुगविते. प्रत्यक्ष पूजेत सहभागी होऊ नये, याबद्दल तो जराही ढिलाई करीत नाही. परंतु बाजारातील मांसाची पूसतपास नको. इतर धर्मीयाने जेवायला बोलाविले तर पानावर येईल ते खावे. मात्र 'हे अर्पण केलेले आहे' असे कोणी म्हणालाच तर खाऊ नये, आणि तेही आपल्या नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी. मधला नववा अध्याय वरवर पाहता विषयांतर वाटतो, कारण त्यात पौल आपल्या स्वतःच्या हक्कांची कैफियत मांडतो. पण हक्क सिद्ध करून तो ते सोडून देतो, आणि सगळ्या विवेचनाची किल्ली मला तेथेच दिसते. मला काय करण्याची मुभा आहे, येथे विचार थांबत नाही. माझ्या करण्याने समोरच्याच्या मनात काय उभे राहील, इथपर्यंत तो न्यावा लागतो.

मला स्वतःला विचाराल तर, 'मावशी, प्रसाद नको, पण जेवायला बसते' हे उत्तर मला पौलाच्या अधिक जवळचे वाटते. तथापि ते तयार करून मुलीच्या हाती देऊ नये. तिन्ही अध्याय तिच्याबरोबर सलग वाचावेत, आणि त्या मावशींना तुझ्या घेण्याचा व न घेण्याचा अर्थ काय वाटेल, एवढेच तिला विचारावे. मावशींना ती आपल्यापेक्षा अधिक ओळखते.

नकार कसा द्यावा याचा धडा दानिएलाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या दरबारात आणलेल्या दानिएल या तरुणाने खास्द्यांची विद्या घेतली, त्यांची भाषा घेतली, परक्यांनी ठेवलेले नावही चालवून घेतले, आणि राजाच्या पानावरचे अन्न मात्र नाकारले; तेही आरडाओरड न करता. 'तुमच्यामुळे राजासमोर माझे मस्तक धोक्यात येईल' ही वरच्या अंमलदाराची धास्ती त्याने ओळखली, आणि हाताखालच्या कारभाऱ्यापाशी अदबीने दहा दिवसांची मुदत मागितली. वेल्ह्याहून पुण्याच्या वसतिगृहात शिकावयास गेलेल्या मुलाला त्याच पुस्तकातील सिंहांच्या गुहेच्या गोष्टीपेक्षा ही दहा दिवसांची मुदतच अधिक उपयोगी पडेल.

आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावी मुक्तिसदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या. तेथील मठातील भगिनींना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रापत्री केली, वाद घातला, पण आपला आहार बदलला नाही. ज्या बाईंनी पुढे मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत उतरविले, त्यांच्या ख्रिस्तभक्तीची किंमत ताटावरून करणारे लोक तेव्हाही होते. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच्या उलट दिशेची. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि ताटातुटीनंतर पुढे संसार पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे सुटले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. 1900 साली त्या बाप्तिस्म्यापर्यंत आल्या त्या स्वतःच्या पायांनी. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातील हा भाग पंधरा वर्षांच्या मुलांना अवश्य वाचावयास द्यावा. त्यातला विनोद त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

एकाच घरात बहिणीने प्रसाद नाकारला आणि भावाने घेतला, असेही घडेल. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये व न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोष लावू नये, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातील सांगणे अशा वेळी त्या दोघांइतकेच त्यांच्या आईबापांनाही लागू पडते.

अन्नाचा प्रश्न त्या मानाने सोपा, कारण पौलाने तो स्वतः हाताळला आहे. गावच्या उत्सवाच्या वर्गणीचे काय, हे मात्र मुले हमखास विचारतात. पैसे देऊ नयेत तर गावापासून फुटून राहिल्यासारखे होते, आणि द्यावेत तर पूजेच्या खर्चात वाटा उचलल्यासारखे. पूजेऐवजी पंगतीच्या तांदळासाठी देता येईल काय, निदान पाणवठ्याच्या सफाईला हात लावता येईल काय, याची बोलणी वर्गणी मागणाऱ्या मंडळींशी, त्यांच्याच ओट्यावर बसून, करावी लागतील. आणि त्या वेळी बापाने मुलाला बोलू द्यावे.