‘अ‍ॅनिमल्स’चे दोन पाठ

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘अ‍ॅनिमल्स’ हा अल्बम जानेवारी १९७७ मध्ये आला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा एकदा आला. दुसऱ्या खेपेला त्यात एकही सूर नव्याने वाजवलेला नव्हता, तरीही ऐकणाऱ्यांत उभी फूट पडली. एक पक्ष म्हणतो, पंचेचाळीस वर्षांची धूळ अखेर झटकली गेली; निक मेसनचे ड्रम्स आता कुठे ड्रम्ससारखे वाजतात, बास अंगावर येतो, रिचर्ड राइटचा कीबोर्ड कुठे काय करतो ते कळतं. दुसरा पक्ष म्हणतो, तुम्ही जिला धूळ म्हणता तोच या अल्बमचा रंग होता. मला दोघांचंही पटतं, पण सारख्या मापाने नाही.

आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की जुन्या हिंदी गाण्याला नवा ठेका चिकटवून केलेली उचापत डोळ्यांपुढे येते. इथला मामला वेगळा आहे. स्टुडिओत ड्रम्स, बास, गिटार, गायकांचे आवाज हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित होतं. मग कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डाव्या स्पीकरमधून, कशाला किती घुमारा, हे ठरवून ते सगळे ट्रॅक डाव्या-उजव्या अशा दोन ट्रॅकांत उतरवायचे; हा झाला मिक्स. रीमास्टर करणारा या तयार मिक्सवरून हात फिरवतो. रीमिक्स करणारा थेट सुट्या ट्रॅकपर्यंत मागे जातो आणि पूर्वी कुणीतरी घेतलेले सगळे निर्णय नव्याने घेतो. म्हणजे त्याचं काम झाडपुसीचं कमी आणि संपादकाचं जास्त असतं. भांडणाचं मूळ इथेच आहे.

मूळ अल्बम १९७६ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागात ब्रिटानिया रो इथे तयार झाला. चर्चच्या जुन्या सभागृहांची इमारत बँडने विकत घेऊन तिथे स्वतःचा स्टुडिओ थाटला होता. त्या वर्षी ब्रिटनमध्ये उन्हाळा दुष्काळी होता, महागाई भडकलेली होती, आणि वर्ष संपता संपता सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. पंकवाली पोरं पिंक फ्लॉइडसारख्या गडगंज बँडांवर दात खाऊन होती. पंक गायक जॉनी रॉटनने पिंक फ्लॉइडच्या नावाच्या टी-शर्टवर ‘यांचा मला तिटकारा आहे’ अशा अर्थाची अक्षरं खरडून तो अंगावर मिरवला होता. अशा हवेत बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सने ऑरवेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’चा धागा पकडून समाजाची कुत्री, डुकरं आणि मेंढरं अशी वाटणी केली. आधीच्या ‘विश यू वर हिअर’चा ऐसपैस, चकचकीत आवाज इथे नाही. आवाज कोरडा, बंदिस्त, थोडा चेपलेला आहे.

आता हा आवाज ठरवून आला की नव्या कोऱ्या स्टुडिओची घडी बसलेली नसल्यामुळे? माझा कयास असा की थोडं हे, थोडं ते. पण या प्रश्नाला वाटतं तितकं महत्त्व नाही. अपघाताने झालेली गोष्टसुद्धा दोन पिढ्यांनी कानात साठवली की ती कृतीचा भाग होते. ‘हे आम्हाला तेव्हाच नीट करायचं होतं’ असं कलावंत नंतर म्हणाला, तर तो त्याचा हक्क आहे; पण तेवढ्याने ऐकणाऱ्याचा हक्क बुडत नाही.

रीमिक्स करणारे जेम्स गथ्री हे कुणी उपरे नव्हेत. पिंक फ्लॉइडच्याच ‘द वॉल’ या अल्बमचे ते सहनिर्माते होते. त्यांचं काम २०१८ मध्ये पूर्ण झालं आणि मग चार वर्षं अडकून पडलं. कारण मोठं मासलेवाईक आहे: सोबत छापायच्या पुस्तिकेतल्या मजकुरावरून वॉटर्स आणि बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांची जुंपली. शेवटी मजकूर वगळूनच अल्बम निघाला. मुखपृष्ठही नवं आलं. जुन्यावर बॅटरसी वीजकेंद्राच्या धुराड्यांमध्ये फुगवलेलं डुक्कर तरंगत होतं. नव्यावर तेच वीजकेंद्र, पण भोवती बांधकामाच्या क्रेन. २०२२ च्या ऑक्टोबरात त्या इमारतीत दुकानं उघडली. मुखपृष्ठावरचं हे नवं छायाचित्र मला प्रामाणिक वाटतं, कारण ते १९७६ चं असल्याचं सोंग आणत नाही. आवाजाबाबत मात्र असा प्रामाणिकपणा दिसत नाही. हे सगळं टेपवर पहिल्यापासून होतंच, आम्ही फक्त ते उघड केलं, असा प्रत्येक रीमिक्सचा दावा असतो.

अल्बममधलं ‘डॉग्ज’ ऐकून पाहा. सतरा मिनिटांचं गाणं. मध्यावर गायनाचा शेवटचा शब्द प्रतिध्वनीच्या चक्रात अडकतो आणि परत परत येत राहतो. हळूहळू अर्थ गळून जातो, नुसता ध्वनी उरतो. त्याच्याखाली राइटच्या सिंथेसायझरचे थर आणि व्होकोडर या यंत्रातून काढलेलं कुत्र्यांचं भुंकणं. जुन्या मिक्समध्ये हे सगळं एकात एक मिसळून लगद्यासारखं होतं. नव्यात थर सुटे होतात, त्यांच्यामधलं अंतर कळतं, आणि त्या जागेची भीषणता वाढते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. राइटला तर या रीमिक्सने न्याय मिळाला. अल्बमच्या श्रेयनामावलीत त्याच्या वाट्याला एकही गाणं आलं नाही, पण ‘शीप’च्या सुरुवातीचा तो एकाकी इलेक्ट्रिक पियानो त्याचा आहे.

याच ‘शीप’मध्ये मी जुन्या पक्षाकडे झुकतो. वॉटर्स ओळीचा शेवटचा स्वर लांबवतो आणि तो स्वर न तुटता सिंथेसायझरचा होऊन जातो. माणूस कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झालं ते कळत नाही. ते कळू नये यातच सगळी जादू आहे. आवाज स्वच्छ केला की कान असे सांधे शोधायला लागतो. स्पष्ट ऐकू येणं म्हणजे अधिक ऐकू येणं, असं नेहमीच होत नाही.

श्रोत्यांच्या मतांबद्दलही एक सांगायला हवं. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो, ही ध्वनी अभियंत्यांना पक्की ठाऊक असलेली गोष्ट आहे. दोन मिक्स एकाच पातळीवर आणून न ऐकता दिलेला कौल बऱ्याचदा व्हॉल्यूमचा असतो. शिवाय कोणाचं मूळ कुठलं? मुंबई-पुण्यातल्या कित्येकांनी पिंक फ्लॉइड पहिल्यांदा ऐकलं ते मित्राने उतरवून दिलेल्या कॅसेटवर. त्यांच्या कानातला ‘मूळ’ आवाज ब्रिटानिया रोपासून बराच लांबचा होता. खुद्द १९७७ मध्येही ‘अ‍ॅनिमल्स’ एकच नव्हता: एट-ट्रॅक कार्ट्रिजवर ‘पिग्ज ऑन द विंग’ या गाण्याचे दोन भाग स्नोई व्हाइटच्या गिटारने जोडलेले होते, जे एलपीवाल्यांनी कधी ऐकलंच नाही.

तेव्हा रीमिक्सला सरसकट नाकं मुरडण्यात अर्थ नाही. जेथ्रो टलच्या ‘अ‍ॅक्वालंग’चा १९७१ चा आवाज अनेकांना खटकत आला होता; २०११ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने तो नव्याने मिसळला तेव्हा कट्टर चाहत्यांनीही बहुतांशी स्वागत केलं. विल्सनची शिस्त अशी, की आधी जुना मिक्स जसाच्या तसा पुन्हा उभा करायचा, पदोपदी मुळाशी ताडून पाहायचा, आणि मगच त्यात सुधारणा करायची. किंग क्रिम्सन, येस या बँडांच्या संचांत त्याच्या मिक्सशेजारी जुना मिक्सही दिला जातो. उलट २००७-०८ मध्ये जेनेसिसचे अल्बम नव्या मिक्समध्ये आले, तेव्हा आवाज दाबून मोठा केल्याची ओरड झाली. आणि नव्या सीडींनी दुकानातली जुन्यांची जागा घेतली, ही त्याहून मोठी तक्रार होती.

जुना पाठ जपून संपादन कसं करावं याचा नमुना आपल्याकडेच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी खपून सिद्ध केली. विष्णु सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी हजारो श्लोक संहितेतून बाजूला काढले, पण एकही फेकून दिला नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. निर्णय संपादकाने घ्यावा, पण तो तपासायची सोय वाचकाला ठेवावी, एवढी ही साधी रीत आहे. बहुतेक रेकॉर्ड कंपन्यांना ती अजून अंगवळणी पडलेली नाही.

‘अ‍ॅनिमल्स’च्या २०२२ च्या ब्लू-रेवर १९७७ चा मिक्स आहे; साधी सीडी आणि एलपी घेणाऱ्याच्या हाती मात्र फक्त नवा मिक्स येतो. म्हणजे ब्लू-रे घेणाऱ्याला दोन पाठ आणि बाकीच्यांना एकच. गथ्रींचं काम चांगलं आहे, काही जागी तर मुळाहून सरस आहे. ही वाटणी मात्र चूक आहे, आणि ती सुधारायला एका जास्तीच्या सीडीपलीकडे खर्च नाही.