केवळ निषेध आणि एक तार

आपल्या वैयाकरणांनी व मीमांसकांनी निषेधाचे दोन प्रकार मानले: पर्युदास, ज्यात एकाला नाकारताच त्याहून भिन्न अशा दुसऱ्याचे विधान आपसूक घडते, आणि प्रसज्यप्रतिषेध, जो नाकारून थांबतो व रिकाम्या जागी काहीच मांडत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने 'आहे', 'नाही', 'दोन्ही' व 'दोन्ही नव्हे' या चारही कोटी नाकारल्या तेव्हा तो निषेध या दुसऱ्या जातीचा होता, असे त्याचे भाष्यकार भावविवेक आणि चंद्रकीर्ती सांगतात. पण असा निव्वळ नकार संभवतो तरी काय, ही शंका मला दीर्घकाळ छळत होती, आणि तिचे निरसन झाले ते एका इलेक्ट्रॉनिक तार्किक द्वाराच्या (लॉजिक गेटच्या) शेवटच्या टप्प्यापाशी.

७४०० या टीटीएल मालिकेतील साध्या द्वाराच्या मुखाशी दोन ट्रान्झिस्टर एकावर एक रचलेले असतात. वरचा बाहेर जाणाऱ्या तारेला पाच व्होल्टांच्या पुरवठ्याकडे ओढतो, खालचा भूमीकडे, आणि 'शून्य' ०.४ व्होल्टांवर जाणार नाही व 'एक' २.४ व्होल्टांखाली उतरणार नाही, अशी हमी असते. खालचा मिटला की वरचा उघडतो. म्हणजे 'शून्य नव्हे' म्हणताक्षणी 'एक' हे विधान झालेच. हा शुद्ध पर्युदास. म्हणूनच अशी दोन द्वारे एका तारेवर नांदत नाहीत: एकाने वर व दुसऱ्याने खाली ओढले, तर दोहोंतून अवाजवी प्रवाह वाहतो आणि तारेची जबानी संदिग्ध होते.

ओपन कलेक्टर रचनेत वरचा ट्रान्झिस्टर नसतोच. द्वाराच्या अखत्यारात फक्त खाली ओढणे उरते, आणि सर्वांनी तार सोडली तरच बाहेरचा रोध तिला वर नेतो. तो 'एक' कोणा एकाचे विधान नव्हे.

ट्राय-स्टेट द्वार याहून पुढे जाते. त्याला गप्प राहण्याचा हुकूम होताच दोन्ही ट्रान्झिस्टर मिटतात. या अवस्थेला तिसरे मूल्य म्हणणे मला चुकीचे वाटते. जैनांचे 'अवक्तव्य'देखील वस्तूविषयी काही सांगते; हे द्वार काहीच सांगत नाही, आणि त्यामुळेच सामायिक तारेवर शेजाऱ्याला बोलता येते. प्रसज्यप्रतिषेध संभवतो, इतकेच नव्हे, तर पुष्कळांच्या सहवासाला तो अपरिहार्य आहे.

मात्र सारेच गप्प राहिले, तर अधांतरी तारेला टीटीएल पद्धतीचे ऐकणारे द्वार बहुधा 'एक' समजते. मौन बोलणाऱ्याचे असते, अर्थ ऐकणारा लावतो. मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणाच्या आरंभी प्रतिपक्षी हेच करतो: नागार्जुनाची शून्यता ऐकून तो 'काहीच नाही' हे विधान ऐकतो, आणि मग चार आर्यसत्येही बुडाली, अशी फिर्याद मांडतो.