वाळवीचा ठेका आणि गृहस्थाची जबाबदारी

जुन्या घरांना वाळवी नवी नाही. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर येथील आपल्या मंडळींच्या वाड्यांतील सागवानी खांब आणि फडताळे जितकी जुनी, तितकीच त्यांना पोखरणारी ही जमातही जुनी. नवे एवढेच, की हल्ली तिला आपण स्वतः मारीत नाही. फोन करतो, दर ठरवतो, हमीचा कागद घेतो आणि मारण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवतो. या सोपवण्याने हिंसेतील आपला वाटा कमी होतो काय, हा प्रश्न आम्हांला काही दिवसांपासून छळतो आहे. वाळवीसाठी एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नैतिक प्रश्न मारल्या जाणाऱ्या जिवाच्या आकारावरून ठरत नसतो.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात असे मनुस्मृती सांगते: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांतील एकही वस्तू शस्त्र नाही, तरीही त्यांना ‘सूना’, म्हणजे कत्तलखाना, हे नाव दिले आहे. या पापाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले, आणि जेवणापूर्वी इतर जिवांसाठी अन्न बाजूला काढण्याची रीत त्यांतच येते. त्या स्मृतीतील पुष्कळ गोष्टी आम्हांला मान्य नाहीत. पण घर चालवायचे तर जीव मरतात, हे तिने लपवले नाही आणि त्याचा रोजच्या रोज हिशेब ठेवायला लावले, हे मात्र कबूल केले पाहिजे.

पुढे तीच स्मृती मांसाहाराच्या संदर्भात घातक कोण कोण याची यादी देते. त्या यादीत मारणारा आहे, विकत घेणारा आहे आणि अनुमती देणाराही आहे. पतंजलींनी हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार केले. जैन आचारातही हाच विभाग आहे, आणि इंदूरसारख्या शहरात जैन शेजार लाभलेल्या आपल्या कुटुंबांना तो ऐकून माहीत असतो. या कसोटीवर ठेकेदाराला बोलावणारा गृहस्थ ‘कारित’ या सदरात निःसंशय बसतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात तर अहिंसेचा विचार इतका बारकाईने केला आहे, की एक जीव वाचवण्यासाठी औषध म्हणून झाडे उपटणेही टीकेतून सुटलेले नाही.

मग वाळवीला घर खाऊ द्यावे काय? मुळीच नाही. वडिलांच्या हातची वही आणि आजोबांची पोथी मातीच्या नळ्यांत गडप होताना पाहत बसणे याला आम्ही अहिंसा म्हणत नाही. तेव्हा मारणे भागच आहे. ते कसे होते, हे मात्र जाणून घ्यावे. भिंत आणि फरशी यांच्या सांध्यावर साधारण फूट-फूट अंतरावर छिद्रे पाडून त्यांत औषध सोडतात. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांसारखी नवी औषधे वाळवीला जाणवत नाहीत. ती त्यांतून जाते, वारुळात परतते आणि सवयीप्रमाणे इतरांना तोंडाने भरवते, अंग चाटते. त्यातूनच विष पसरते. एकमेकांना भरवणे हेच तिच्या कुळाच्या नाशाचे साधन व्हावे, हे वाचल्यावर आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तथापि खरा प्रश्न वाळवीचा नाहीच. गेल्या वर्षी आमच्याकडे या कामासाठी आलेला मुलगा विशीतला असेल. हातमोजे नाहीत, तोंडाला गळ्यातला रुमाल. स्वयंपाकघरात झुरळांसाठीही फवारणी होती, म्हणून घरातील मंडळींनी चार तास बाहेर थांबावे अशी सूचना त्याच्याच कागदावर छापलेली. आम्ही विचारले, “आणि तू?” तो हसून म्हणाला, “बाबूजी, हमें तो आदत है.” आम्ही काम थांबवून त्याच्या कार्यालयात फोन केला. मोजे आणि मुखपट्टी येईपर्यंत दोन तास गेले. कार्यालयातील गृहस्थाला आमचा हा हट्ट विचित्र वाटला, हे त्याच्या स्वरावरून कळत होते.

नोकरीच्या काळात कायद्याची पुस्तके हाताळण्याची सवय लागलेली, म्हणून सांगतो. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांनी असे काम करणाऱ्यांसाठी संरक्षक कपडे आणि वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरवली. व्यावसायिक फवारणीला परवानाही लागतो. पण तो पाहायला मागणारे ग्राहक किती? आपण दर विचारतो, वास येईल का विचारतो, हमी किती वर्षांची ते विचारतो. पूर्वी पाप आपल्याच केरसुणीला लागत होते. आता वाळवीचा मृत्यू आणि माणसाच्या छातीत जाणारे विष ही दोन्ही एकाच पावतीत विकत घेतली जातात, आणि पावतीवर त्यांचा उल्लेख नसतो.

यावर काही मित्र म्हणतात, बाजारातून बाटली आणून स्वतःच फवारावे. हे आम्हांला पटत नाही. प्रमाण न कळणाऱ्याने ओतलेले विष जमिनीत, विहिरीत आणि नातवंडांच्या हातांवर जाते. जाणत्यालाच बोलवावे, पण त्याचे रक्षण हा आपल्या खर्चाचा भाग मानावा. त्यामुळे दर वाढला तरी घासाघीस करू नये.

आणि बोलावण्याआधी ओल शोधावी. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस इंदूरला आले, तेव्हा प्लेगविरोधी मिरवणुकीत उंदराची प्रचंड प्रतिमा फिरवून जाळण्यात आली. पण १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील भर होता तो स्वच्छतेवर, दुरुस्तीवर आणि मोकळ्या हवेवर. वाळवीही ओलाव्याच्या मागाने येते. जुने सुतार लाकडी खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करीत. आमच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीतील नळ कित्येक महिने पाझरत होता. तो बदलायला एक दिवस लागला. पुढची फवारणी तूर्त आम्ही पुढे ढकलली आहे.